कटऑफ कॉलेजचा नसतो, गर्दीचा असतो
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



आज सभागृहात बरीचशी मंडळी जोडीनं आलेली दिसतायत. एक पालक, आणि शेजारी आणून बसवलेला मुलगा किंवा मुलगी. मुलांची मी आधीच क्षमा मागतो. मे महिन्यातले हे दिवस तुमच्यासाठी वाईटच. बारावीचा निकाल लागलाय, सीईटीचा लागायचाय, आणि मधल्या काळात आत्या, मावश्या, शेजारी, दूधवाला, सगळ्यांना तुमचा आकडा हवाय. "किती पडले?" हा प्रश्न आपल्याकडे हल्ली "कसा आहेस?"च्या जागी विचारतात.

मी इंजिनिअरिंग कॉलेजात मास्तरकी केली आणि प्रवेशाच्या दिवसांत सुविधा केंद्रात कागदपत्रं तपासायला बसलो. टेबलाच्या पलीकडे बसलेलं घर मी पुष्कळ वेळा पाहिलंय. वडिलांच्या हातात प्लास्टिकची फाइल, आईच्या पिशवीत जातीचा दाखला, नॉन-क्रीमिलेअर, डोमिसाइल, आणि मुलगा खिडकीबाहेर बघतोय. प्रश्न वडील विचारतात. उत्तरं आई देते. कोणत्या शाखेत जायचं ते मुलाला विचारावं लागतं आणि उत्तर देण्याआधी तो वडिलांकडे बघतो.

आज मला मुख्यतः एकच गोष्ट सांगायची आहे. कटऑफ पाहून कॉलेजची किंमत करू नका, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे मुलाची करू नका.

कटऑफ म्हणजे काय ते आधी नीट पाहू. मागच्या वर्षी त्या जागेवर शेवटी जो विद्यार्थी बसला, त्याचा पर्सेंटाइल. बस, इतकंच. तिथे कोण शिकवतं, प्रयोगशाळेतली यंत्रं चालू आहेत की त्यांच्यावर कापड घातलंय, यातलं त्या आकड्यात काहीही नाही. कितीजणांनी त्या जागेला पसंती दिली, एवढंच तो सांगतो. एकाच कॉलेजात कॉम्प्युटरचा कटऑफ गगनाला भिडलेला असतो आणि सिव्हिलचा कितीतरी खाली असतो. पहिल्या वर्षाचे बरेचसे विषय मात्र सगळ्या शाखांना सारखेच. सकाळी नऊच्या तासाला कॉम्प्युटरच्या मुलांना गणित शिकवणारे सर अकराच्या तासाला त्याच वहीतून सिव्हिलच्या मुलांना शिकवतात. सरांचा काही कटऑफ बदलत नाही.

आता तो पर्सेंटाइल. सीईटीचा निकाल दशांश चिन्हापुढे सात आकड्यांपर्यंत देतात. यामागे हुशारीचं सूक्ष्म मापन वगैरे काही नाही. लाखो मुलांना एका रांगेत उभं करायचं तर दोघांच्या मध्ये फट लागते, ती फट दशांशात शोधावी लागते. परीक्षेला चार लाख मुलं बसली असं धरा. मग एका पर्सेंटाइलच्या फरकात चार हजार मुलं मावतात. एखाद-दुसरा प्रश्न चुकला की तुम्ही हजारो मुलांच्या मागे जाता. तो प्रश्न चुकल्यानं तुमची बुद्धी तेवढी मागे जाते का? आयआयटीचं गणित याहून कडक. जेईई मेनला १४ लाखांहून अधिक मुलं बसतात आणि आयआयटीच्या सगळ्या जागा मिळून अठरा हजारांच्या आसपास. तुम्ही काहीही केलंत, सगळ्यांनी रात्रंदिवस अभ्यास केला, तरी या हिशेबानं पावणेचौदा लाखांहून जास्त मुलं बाहेर राहणारच. तो जागांचा हिशेब आहे, त्या मुलांच्या लायकीवरचा निकाल नाही.

तरी वाईट वाटतं. वाटणारच! दोन वर्षं पहाटेचे क्लास, सणवार बंद, क्रिकेट बंद, आणि यादीत नाव नाही, तर पोरगं रडेल नाहीतर काय करेल? त्याला आठ दिवस रडू द्या. "पुढच्या वेळी बघू", "देवाची इच्छा" असलं लगेच काही बोलू नका. घरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चुलत भावाचं अभिनंदन चाललं असेल तर पोराला दोन दिवस त्या ग्रुपपासून लांब राहू द्या. आणि चौकात कोचिंग क्लासनी लावलेले ते फ्लेक्स असतात ना, पासपोर्ट फोटोंची ओळच्या ओळ आणि खाली रँक, त्यांच्याकडे बघताना एवढं लक्षात ठेवा की त्याच क्लासात शिकून फ्लेक्सवर न आलेली मुलं फ्लेक्सवरच्यांपेक्षा कितीतरी जास्त असतात. फी त्यांनीही तेवढीच भरलेली असते. मात्र पोर आठ दिवसांनंतरही जेवत नसेल, झोपत नसेल, खोलीबाहेर येत नसेल, तर नातेवाइकांना नको, डॉक्टरांना दाखवा. यात लाज वाटण्यासारखं काहीही नाही.

अशा व्याख्यानात पुढे थोरामोठ्यांच्या गोष्टी येतात. अमका नापास झाला आणि पुढे अमुक झाला. मी त्या सांगणार नाही, कारण अपवादावरून सल्ला देणं धोक्याचं. बिल गेट्सनी कॉलेज सोडलं हे सगळे सांगतात. सोडलं ते हार्वर्ड होतं, म्हणजे आधी तिथे प्रवेश मिळालेला होता, हे कोणी सांगत नाही.

त्यापेक्षा अभ्यास काय सांगतात ते बघू. अमेरिकेत स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००२ साली एक निबंध प्रसिद्ध केला. १९७६ मध्ये कॉलेजात गेलेल्या मुलांची पुढची कमाई त्यांनी तपासली. नामांकित कॉलेजांतली मुलं जास्त कमावतात हे उघड आहे, पण ती कॉलेजमुळे, की मुळातच तशी असल्यामुळे? म्हणून त्यांनी सारख्याच कॉलेजांनी घेतलेली किंवा नाकारलेली मुलं एकमेकांशी ताडून पाहिली. त्यांतली काही नामांकित ठिकाणी गेली होती, काही साध्या. पुढे दोघांच्या पगारात सरासरीनं फारसा फरक निघाला नाही. मुलामध्ये जे होतं ते त्याच्याबरोबर गेलं.

हा निबंध सांगणारे बहुतेक लोक इथेच थांबतात. पण त्यात एक अपवाद आहे, आणि आपल्यासाठी तोच महत्त्वाचा. गरीब घरातून आलेल्या मुलांना नामांकित कॉलेजचा फायदा झाला. त्याच दोघांनी नंतर केलेल्या अभ्यासात आईवडील कमी शिकलेल्या मुलांच्या बाबतीतही तसंच दिसलं. कारण उघड आहे. ज्याच्या घरात ओळखीपाळखी, पुस्तकं, इंग्रजी आधीच आहे त्याला कॉलेज थोडंच देतं. ज्याच्या घरात नाही, त्याला बरंच देतं. म्हणून ऊसतोड कामगाराच्या मुलीला "कुठलंही कॉलेज चालेल गं" असं म्हणणारा माणूस मला आवडत नाही. तिनं मिळेल तितकं चांगलं कॉलेज घ्यावं, आणि ते लांब आहे म्हणून घरच्यांनी तिला अडवू नये. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, ओबीसी आणि एसईबीसी प्रवर्गांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. वसतिगृहाच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता योजना आहे. अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर भरायचे असतात. पहिल्या वर्षी कागद अपुरे म्हणून अर्ज अडकतो आणि घर कर्जात जातं. दाखले आजच काढून ठेवा, जुलैमध्ये तहसीलला रांग असते.

अमेरिकेतलं सगळंच इथे उचलून लावता येणार नाही. आपल्याकडे कंपन्या ठरावीक कॉलेजांतच मुलाखतींना जातात, हे खरं आहे. पण कॉलेजच्या जाहिरातीतलं 'सर्वोच्च पॅकेज' वाचून भुलू नका. ते एका मुलाचं असतं आणि तो मुलगा तुमचा नसतो. जी कॉलेजं केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेतात, त्यांनी भरलेली माहिती त्यांच्या संकेतस्थळावर असते. त्यात नोकरी लागलेल्यांची संख्या आणि मध्यक पगार असतो, म्हणजे निम्म्या मुलांना त्याहून कमी आणि निम्म्यांना जास्त. तो आकडा शोधा. शोधूनही सापडला नाही तर तीही माहितीच समजा. मॅनेजमेंट कोट्यातली जागा मिळवून देतो म्हणून फोन करणाऱ्या एजंटाबद्दल मी बोलण्यात वेळ घालवत नाही. फोन ठेवून द्या.

आता समजा, कॉलेज मिळालं. हवं ते नाही, मिळालं ते. आत गेल्यावर काय?

२०१४ साली अमेरिकेतल्या गॅलप या सर्वेक्षण संस्थेनं आणि पर्ड्यू विद्यापीठानं तीस हजारांहून जास्त पदवीधरांना त्यांच्या कॉलेजच्या दिवसांबद्दल आणि आताच्या आयुष्याबद्दल विचारलं. कामात मन रमण्याशी कॉलेज सरकारी की खाजगी, प्रवेश सोपा की अवघड, याचा संबंध जवळजवळ दिसला नाही. संबंध दिसला तो वेगळ्याच गोष्टींशी. आपल्याबद्दल आस्था असणारे एखादे शिक्षक भेटले का? सत्रभर किंवा त्याहून जास्त चाललेला एखादा प्रकल्प केला का? शिकलेलं वापरता येईल असं काम शिकत असतानाच मिळालं का? हे लोकांनी स्वतःबद्दल सांगितलेलं आहे, तेव्हा त्याला वेदवाक्य मानू नका. पण माझ्या वर्गांत मी जे बघत आलो, त्याच्याशी ते जुळतं.

वर्कशॉपचंच घ्या. पहिल्या वर्षाला फिटिंगमध्ये लोखंडाचे दोन तुकडे कानशीनं घासून एकमेकांत बसवायचे असतात. उन्हाळ्यात शेडखाली उभं राहून तासन्‌तास घासायचं, काटकोन्या लावून उजेड दिसतोय का बघायचं, पुन्हा घासायचं. हात काळे होतात, तळव्याला फोड येतो. मग काही मुलं गेल्या वर्षीच्या सीनिअरचा जॉब, म्हणजे घासून बसवलेली जोडी, आणतात, पॉलिश पेपर मारतात आणि जमा करतात. वर्कशॉपमधल्या मामांना तो जॉब लगेच ओळखू येतो. ते हसतात आणि सही करतात, कारण सत्तर मुलं आणि एकटे मामा. शेवटच्या वर्षी हीच मुलं तयार प्रोजेक्ट विकत आणतात. हे नामांकित कॉलेजात होतं आणि आडगावच्या कॉलेजातही होतं. उलट दोन्हीकडे एखादी मुलगी अशीही असते की फट राहिली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा येते आणि मामांना विचारते, "कानस कशी धरायची ते दाखवा ना." चार वर्षांनी जॉब उचलून आणणाऱ्याच्या आणि तिच्या पदवीच्या कागदावर मजकूर सारखाच असतो.

मुलांनो, साध्या कॉलेजचा एक फायदा कोणी सांगत नाही. तिथे विचारणारे कमी असतात, म्हणून विचारणाऱ्याला वेळ मिळतो. ग्रंथालयात टिमोशेंकोचं स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्सचं पुस्तक कपाटात वर्षानुवर्षं उभं असतं, ते तुम्हाला सत्रभर घरी ठेवायला मिळेल. नंबर लावावा लागणार नाही. प्राध्यापकांच्या केबिनचं दार ढकलायला मात्र शिका. प्रश्न घेऊन जा, नुसतं "सर, गाइड करा" म्हणत जाऊ नका. त्याला कोणाकडेच उत्तर नसतं. विषय शिकवणारं कोणीच धड नसेल, तर आयआयटी आणि बंगळूरच्या आयआयएस्सीच्या प्राध्यापकांची एनपीटीईएलवरची व्याख्यानं फुकट आहेत. ती पुरी बघणारे फार थोडे. पहिल्या चार व्हिडिओंनंतर गळती लागते. म्हणून दोघं-तिघं मिळून बघा, आणि बघताना वही उघडी ठेवा.

आणि अभ्यासक्रमाबाहेर काहीतरी धरा. पुण्यात १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक ही महाविद्यालयीन एकांकिकांची स्पर्धा चालू आहे. मोहन आगाशे, जब्बार पटेल ही मंडळी वैद्यकीय शिकत असतानाच नाटक करत होती. नाटक नसेल तर गाडी बांधणं असेल, एनएसएस असेल, भित्तिपत्रक असेल. तिथे वेळ पाळायला, दुसऱ्याचं ऐकायला आणि पैशांचा हिशेब द्यायला शिकता. या गोष्टींचा तास कुठल्याच वेळापत्रकात नसतो.

दारं पुढेही उघडी असतात. डिप्लोमावाल्याला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. गेट परीक्षेला बसताना पदवी कुठल्या कॉलेजची हे कोणी विचारत नाही, आणि तिचे गुण तीन वर्षं चालतात. विज्ञानाच्या मुलांसाठी जॅम ही प्रवेश परीक्षा आहे. एक वर्ष ड्रॉप घ्यायचा असेल तर तो मुलानं स्वतः मागितलेला असावा. वडिलांच्या हट्टासाठी घेतलेल्या ड्रॉपचं काय होतं ते मी टेबलाच्या पलीकडे बघितलंय. जेईई ॲडव्हान्स्डला बसायची संधी लागोपाठच्या दोन वर्षांतच मिळते, हे आधी माहीत असू द्या.

शेवटी प्रवेशाच्या अर्जाचं बोलतो. पसंतीक्रम भरताना लोक नको तेवढी हुशारी करतात. वर अवघड कॉलेज लिहिलं तर खालचं हातचं जाईल, या भीतीनं आवडीचं नाव खाली ढकलतात. तसं होत नाही. जागा गुणवत्तेच्या क्रमानं वाटतात. तुमची पाळी आली की तुमच्या यादीत वरून खाली बघत जातात आणि जी पहिली मोकळी असेल ती देतात. वरची नाही मिळाली म्हणून खालच्या जागेवरचा हक्क कमी होत नाही. तेव्हा मनात जो क्रम आहे तोच लिहा. फक्त वरच्या क्रमांकांवर असं काही लिहू नका की मिळालं तर नको होईल, कारण पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली की ती घ्यावीच लागते. त्या-त्या वर्षीचे नियम माहितीपुस्तिकेत वाचा, शेजाऱ्याला विचारू नका.

पालकांना एक विनंती आहे. तो अर्ज मुलाला स्वतः भरू द्या. तुम्ही शेजारी बसा, चष्मा लावा, पण माउस त्याच्या हातात राहू द्या. आणि आपल्या गावातली जी मुलं आज दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला आहेत ती सध्या सुट्टीला घरी आली आहेत. आपल्या मुलाला त्यांच्याकडे पाठवा. "पॅकेज किती" हे नको, "तुला तिथे शिकवणारं एक तरी माणूस भेटलं का, आणि कोण" हे विचारायला सांगा. मिळालेलं नाव वहीत लिहून ठेवा आणि पसंतीक्रम भरताना ती वही शेजारी ठेवा.