स्लॅम बोलावा की थांबावं?

(रौप्यमहोत्सवी सप्ताहात क्लब हाऊसमध्ये केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं झाडून-पुसून.)



कमिटीने मला ‘ज्येष्ठांचे छंद’ या विषयावर पंधरा मिनिटं दिली आहेत. माझा छंद एकच, ब्रिज. क्लब हाऊसच्या कोपऱ्यात बुधवारी आणि रविवारी चार म्हातारे तोंड मिटून बसलेले दिसतात, ते आम्ही. कॅरमवाल्या मुलांना वाटतं, यांचं भांडण झालंय. कधी कधी ते खरंही असतं. आज अशाच एका भांडणाबद्दल बोलणार आहे. त्यातला दुसरा पक्ष समोर तिसऱ्या रांगेत बसला आहे, म्हणून नाव घेत नाही.

पत्ते म्हणजे जुगार, असं ज्या आयांना वाटतं त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, की 2018 च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत भारताच्या प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार या जोडीने ब्रिजमध्ये सुवर्णपदक मिळवलं. बर्धन तेव्हा साठ वर्षांचे होते.

मेंढीकोट तुम्हा सगळ्यांना येतो. समोरासमोर भिडू, हुकूम, तेरा हात, इथेही तेच. फरक हा, की ब्रिजमध्ये किती हात करणार ते आधी बोलून दाखवावं लागतं. पहिले सहा हात धरलेलेच असतात, म्हणजे ‘चार इस्पिक’ बोललं की दहा हात. याला गेम म्हणतात. सहाची बोली म्हणजे बारा हात, स्मॉल स्लॅम. सात म्हणजे तेराच्या तेरा, ग्रँड स्लॅम. पूर्वीच्या ऑक्शन ब्रिजमध्ये न बोलता बारा हात केले तरी स्लॅमचे गुण मिळायचे. 1925 मध्ये हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट या अमेरिकन धनिकाने पनामा कालव्यातून जाणाऱ्या बोटीवर गुणांची नवी पद्धत बसवली, आणि तेव्हापासून न बोललेल्या स्लॅमला बक्षीस नाही. आमची सगळी डोकेदुखी तिथून सुरू झाली.

आता हिशेब. बँकेतला माणूस आहे, आकडे आल्याशिवाय राहणार नाहीत. आपण व्हल्नरेबल आहोत असं धरा. चार इस्पिक बोलून बारा हात केले तर 680 गुण. तेच सहा बोलून केले तर 1430. फायदा 750. उलट सहा बोललो आणि अकराच झाले तर 100 गेले, आणि चारवर थांबलो असतो तर 650 मिळाले असते. तोटा 750. म्हणजे स्मॉल स्लॅम निम्म्या वेळा होणार असेल तर बोलावा. ग्रँड स्लॅमचं तसं नाही. तिथे बोललेला स्मॉल स्लॅमही हातचा जातो, म्हणून साध्या हिशेबाने तीनातून दोनदा तरी व्हायला हवा. मी ग्रँड स्लॅम क्वचितच बोलतो. आमची ही म्हणते, स्वभावच तो.

तर ते भांडण. सोळा-सतरा वर्षं झाली. शहरातल्या एका स्पर्धेचा शेवटचा डाव. माझ्याकडे इस्पिकचे राजा, राणी, गुलाम, दश्शी धरून सहा पत्ते, बदामचे एक्का-राजा, चौकटचे एक्का, राणी, गुलाम, आणि किलवरची सत्ती-चौकी. मी एक इस्पिक बोललो. भिडूने तीन इस्पिक केले. माझ्या डोक्यात हवा शिरली. सरळ चार नोट्रम्प, म्हणजे ब्लॅकवूड. इझली ब्लॅकवूड हा विमा कंपनीतला माणूस. त्याने 1933 मध्ये एक्के विचारायची ही युक्ती काढली. भिडूने पाच चौकट म्हणजे ‘एक एक्का’ सांगितला. दोन माझे, एक त्याचा, एकच बाहेर. मी सहा इस्पिक बोलून मोकळा.

डावीकडून किलवरचा राजा आला. डमीत किलवरची राणी, नव्वी, पंजी. पाठोपाठ किलवरचा एक्का. दोन हात झाले नाहीत तोच स्लॅम बुडाला, आणि करंडकही.

लिफ्टमध्ये भिडू एवढंच म्हणाला, “तुम्ही मला एक्के विचारलेत. किलवर विचारलंत का?” त्यानंतर अकरा दिवस तो माझ्याशी बोलला नाही. दोघांची दारं समोरासमोर आहेत हे तुम्हाला माहीतच आहे. दूधवाला माझी चुकलेली पिशवी त्याच्या दारातून उचलून माझ्याकडे आणून द्यायचा.

त्या अकरा दिवसांत मला माझ्या हाताखालून गेलेलं एक कर्जप्रकरण सारखं आठवत होतं. कागद सगळे होते, सह्या, शिक्के, तारण. मोजून घेतले होते. धंदा चालतो का, हे मात्र मी जाऊन पाहिलं नव्हतं. ब्लॅकवूड एक्के किती ते सांगतो. एका रंगात पहिले दोन्ही हात जातात का, ते सांगत नाही. आपल्याकडे कुठल्याही रंगाची दोन फुटकळ पानं असली, की तो प्रश्न विचारायचाच नसतो.

मग करायचं काय? तीन इस्पिकवर मी ‘चार चौकट’ बोलायला हवं होतं. अर्थ असा, की चौकटचा एक्का आहे, पण मी किलवर ओलांडून पुढे आलोय, म्हणजे तिथे भोक आहे. भिडूकडे किलवरचा एक्का-राजा असता किंवा एकच किलवर असतं, तर तो पुढे गेला असता. नाही, तर चार इस्पिकवर परत. बाराव्या दिवशी मीच बेल वाजवली, आणि त्याच्या डायनिंग टेबलावर आम्ही हे ठरवून घेतलं. त्याने चहा केला, साखर घालायला विसरला. मी काही बोललो नाही.

आता गेल्या दिवाळीतली गोष्ट. पुन्हा माझ्याकडे सहा इस्पिक, पुन्हा दोन बारकी किलवरं. मी चार चौकट बोललो. तो चार इस्पिकवर परतला. हात सुंदर होता, जीभ शिवशिवत होती. पास केलं. पहिलं पान बदामाचं आलं. हुकूम काढून घेतले, एक किलवर चौकटच्या राणीवर टाकून दिलं आणि एकच हात देऊन बारा केले. 1430 च्या जागी 680. शेजारचे दोघे खदखदून हसले. म्हणाले, “साहेब, वय झालं.”

भिडूने पत्ते गोळा केले, पिसले, माझ्यासमोर काटायला ठेवले आणि म्हणाला, “किलवर निघालं असतं तर अकराच. बरोबर केलंत.”