परदेशगमनाची पूर्वतयारी
(भडगाव येथील ज्ञातिमेळाव्यातील भाषण)



1883 साली आनंदीबाई जोशी वैद्यकाच्या शिक्षणासाठी अमेरिकेस निघाल्या, तेव्हा समुद्रोल्लंघनास पातक मानणारे समाजात पुष्कळ होते. आज परदेशी जाणाऱ्या मुलामुलींचा ज्ञातिमंडळे सत्कार करतात. अडसर उरला आहे तो कागदपत्रांचा. जर्मनीत नांदणाऱ्या लेकीच्या बाळंतपणास जावे, ही आईची इच्छा स्वाभाविकच होय. तिच्यासाठी चार गोष्टी सांगण्याची आम्ही अनुज्ञा घेतो.

जर्मनी हा शेंगेन करारातील 29 देशांपैकी एक. या व्हिसावर कोणत्याही 180 दिवसांत फार तर 90 दिवस राहता येते. प्रसूतीपूर्वी एक महिना व नंतर सव्वा महिना धरला, तर सुमारे 70 दिवस होतात. तारीख पुढे गेली तरी वीस दिवस हाताशी राहतात. हा हिशेब तिकीट काढण्याआधीच करावा.

अर्ज सहा महिने आधीपासून देता येतो. 15 दिवसांहून कमी अवधी उरू देऊ नये. निर्णयास सामान्यतः 15 दिवस, क्वचित 45 दिवस लागतात. प्रौढांस शुल्क 90 युरो असून नकार आला तरी ते परत मिळत नाही. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीनंतर निदान तीन महिने चालणारा व दोन कोरी पाने असलेला हवा. 30,000 युरोंचा वैद्यकीय विमाही आवश्यक आहे. मुलगी किंवा जावई तेथील सरकारी कचेरीत खर्चाचे हमीपत्र करून देऊ शकतात.

आपण बहुतेक शेतकरी. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नसल्यामुळे पुष्कळांजवळ विवरणपत्र नसते. अशा वेळी सातबारा, मालविक्रीच्या पावत्या व बँकेचा उतारा, भाषांतरासह, जोडावा. अर्जाच्या तोंडावर उसनी रक्कम खात्यात भरू नये. ती संशयास कारण होते. माहेरचे व सासरचे नाव कागदोकागदी भिन्न असेल, तर ते आधी जुळवून घ्यावे.

खोटे कागद पुरवणाऱ्या दलालांपासून दूर राहावे. खऱ्या कागदांवर नकार आला, तर कारणे लेखी मिळतात आणि उणीव भरून पुन्हा अर्ज करता येतो. खोटेपणा उघडकीस आला, तर पुढील वाटही बंद होते.

ज्या घरांनी हा प्रवास केला आहे, त्यांनी आपल्या अर्जाची प्रत नव्याने जाणाऱ्यांस दाखवावी. ज्ञातीचा उपयोग तो हाच.