रक्तपिशाचाचे सुळे

मनुष्यास दात दोनदा फुकट मिळतात. तिसऱ्या खेपेस ते विकत घ्यावे लागतात. सोंगाचे सुळे घरी करू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट प्रथम ध्यानी धरावी. या उद्योगात खोटा दात बिघडला तर दुसरा करता येतो. खऱ्या दाताचे कवच एकदा निघाले की ते पुन्हा वाढत नाही.

अमेरिकेत दरवर्षी ३१ ऑक्टोबरच्या रात्री हॅलोविन साजरा होतो. मुले भुताखेतांची सोंगे घेऊन दारोदार खाऊ मागत हिंडतात. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलेही त्यांत असतात. या सोंगांत रक्तपिशाचाचा मान मोठा. काळा झगा, पांढराफटक चेहरा आणि ओठांआडून डोकावणारे दोन सुळे, एवढे साहित्य जमले की झाले.

या सुळ्यांचा इतिहास मोठा गमतीचा आहे. लंडनच्या लायसियम नाट्यगृहाचा व्यवस्थापक ब्रॅम स्टोकर याची ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी १८९७ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत त्या सरदाराचे अणकुचीदार दात ओठांबाहेर आलेले वर्णिले आहेत. १९२२ च्या ‘नोस्फेराटू’ या जर्मन मूकपटात मॅक्स श्रेक या नटाला सुळ्यांऐवजी समोरचेच दोन दात उंदरासारखे लांब दिले होते. पुढे १९३१ च्या अमेरिकन बोलपटात बेला लुगोसी याने केलेला ड्रॅक्युला जगभर गाजला. परंतु त्या चित्रपटात त्याचे सुळे एकदाही दिसत नाहीत! नजर, आवाज आणि हाताची बोटे एवढ्यावरच त्याने प्रेक्षकांस भिवविले. रंगीत पडद्यावर रक्ताळलेले सुळे गाजविले ते १९५८ च्या ब्रिटिश चित्रपटात ख्रिस्तोफर ली याने. तात्पर्य, सुळा हा अभिनयाचा चाकर आहे, धनी नव्हे. तो बेताचाच असावा.

मुलांसाठी सर्वांत निर्धोक साधन स्वयंपाकघरातच सापडते. जाड सालीचे संत्रे किंवा मोसंबे धुऊन त्याच्या सालीची तोंडाच्या रुंदीएवढी पट्टी कापावी. तिच्या खालच्या कडेला दोन टोकदार सुळे कातरावे आणि पांढरी बाजू बाहेर करून वरची कड ओठ व हिरडी यांच्यामध्ये बसवावी. १९७२ च्या ‘द गॉडफादर’ चित्रपटात मार्लन ब्रँडोने नातवाला भिवविण्यासाठी संत्र्याच्या सालीचेच दात लावले होते. हा खेळ मात्र वडील माणसांच्या देखत व्हावा, आणि अगदी लहान मुलाच्या तोंडी साल देऊ नये.

प्रौढांना टिकाऊ सुळे हवे असल्यास उष्णतेने मऊ होणाऱ्या प्लॅस्टिकचे पांढरे दाणे मिळतात. त्यांतील तोंडात वापरण्याजोगे म्हणून विकले जाणारेच घ्यावे. सुमारे ६० अंश सेल्सियस तपमानाच्या पाण्यात हे दाणे पारदर्शक व मऊ होतात. चमच्याने बाहेर काढून, पाणी निपटून, मळून त्यांची गोळी करावी. ती मनगटाच्या आतल्या बाजूस लावून पाहावी. चटका बसत असेल तर थांबावे. मग वरच्या सुळ्यावर ती टोपीसारखी दाबावी, मागील बाजू पातळ ठेवावी आणि टोकाला आकार द्यावा. पुरते कडक होण्यापूर्वी ती एकदोनदा काढून पुन्हा बसवावी. नाहीतर दातांच्या फटीत अडकून बसते. शेवटी गार पाण्यात टाकली की ती पुन्हा पांढरी व टणक होते. रंग अतिशुभ्र वाटल्यास चहाच्या पाण्यात ठेवून तो थोडा उतरतो का ते पाहावे. आकार बिघडला तरी चिंता नाही. पुन्हा गरम पाण्यात घातले की सामान जसेच्या तसे हाती येते.

सुळा दातावर टिकावा तो मापाने, चिकटवून नव्हे. झटपट चिकटणारा डिंक ओलाव्याने तत्काळ घट्ट होतो, आणि तोंडात ओलाव्यास काय तोटा? तो काढताना खऱ्या दाताचे कवच व हिरडी यांस इजा होते. नखे करण्याचे ॲक्रिलिकही वर्ज्य; ते घट्ट होताना तापते आणि त्याचा द्रव हिरडीस झोंबतो. हलणारे दुधाचे दात किंवा दातांना तार असलेल्यांनी दाण्यांच्या वाटेस जाऊच नये. सुळे लावून खाऊ नये, झोपू नये.

सुळे लावल्यावर आरशापुढे उभे राहून दोनचार वाक्ये मोठ्याने म्हणावीत. ‘स’ आणि ‘फ’ स्पष्ट उमटले व तोंड सहज मिटले, तर माप बरोबर साधले. शब्द अडखळू लागल्यास सुळा आखूड करावा. बोबडे बोलणाऱ्या पिशाचाला कोणी भीत नाही.