मेंढ्यांचे जंत आणि आपली वाट



विद्या, वसतिगृहे व हुंडा यांवर येथे पुष्कळ बोलले जाईल. आम्ही मात्र आपल्या वाड्यावरील मेंढीविषयी बोलणार आहोत. पावसाळा सरता सरता ती खंगते, जबड्याखाली पाणी उतरते आणि एके सकाळी ती उठतच नाही. ह्यामागे पुष्कळदा चौथ्या पोटातील रक्तशोषक जंत असतो. त्याची एक मादी दिवसाला ५ ते १० हजार अंडी घालते. ती लेंड्यांवाटे रानात पडतात आणि ओल व ऊब मिळताच आठवड्याभरात अळ्या गवतावर चढतात.

बाटलीतील औषधाने हा प्रश्न कायमचा सुटला, अशी पुष्कळांची समजूत आहे. थायाबेंडाझोल हे औषध १९६१ साली आले आणि १९६४ सालीच त्यास न जुमानणारे जंत मेंढ्यांत आढळले! पुढील औषधांचीही तीच गत झाली. सबंध कळपास वारंवार औषध पाजल्याने दुबळे जंत मरतात व चिवटांचा वंश वाढतो.

मग झाडपाला? पळसाचे बी आयुर्वेदात कृमिघ्न मानले आहे. बाभळीच्या पाल्यातील तुरट द्रव्याने जंतांचा जोर कमी होतो, असे प्रयोगांत दिसले आहे. शिवाय पाला खाणाऱ्या मेंढीचे तोंड अळ्यांच्या गवतापासून वर राहते. बाभूळ जरूर चारावी. परंतु पाणी उतरलेली मेंढी केवळ पाल्याने वाचेल, असे सांगणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही. मोरचुदाचे पाणी पाजण्याची जुनी रीत तर सोडावीच. त्यातील तांबे यकृतात साठून मेंढीचा प्राण घेते.

खरा नैसर्गिक उपाय आपल्या वाडवडिलांच्या पायांत होता. पावसाळ्यानंतर घाट उतरून कोकणात जाणारा आणि वाटेत शेतकऱ्यांच्या रानात बसणारा कळप अळ्या तयार होईपर्यंत एका जागी थांबत नसे. मागे राहिलेल्या अळ्या उन्हात करपत. वाटा कुंपणांनी अडल्या, मुक्काम लांबले. त्याची किंमत मेंढी भरते आहे, असे आमचे मत आहे. ज्यांना फिरणे अशक्य, त्यांनी पावसाळ्यात एका तुकड्यात चार दिवसांहून अधिक चारू नये, मागून थोराड गुरे सोडावीत व कोकरांसाठी उंच, कोरडे रान राखावे.

दक्षिण आफ्रिकेतील पशुवैद्यांनी पापणीच्या आतील लालीवरून रक्तक्षय ओळखण्याचा पाच छटांचा तक्ता केला आहे. त्याप्रमाणे फिकट डोळ्यांच्या मेंढीसच औषध द्यावे. तीच मेंढी पुन्हा पुन्हा फिकट पडू लागली, तर तिची वा तिच्या कोकरांची पैदास ठेवू नये. पाजलेले औषध लागू पडले की नाही, हे दोन आठवड्यांनी लेंड्या पशुवैद्यांकडून तपासून पाहावे.