कापसाची वाट आणि हाताला काम

आपल्या शाळांतील अर्थशास्त्राच्या आणि वाणिज्याच्या पुस्तकांत ‘जागतिकीकरण’ हा शब्द येतो. मुले त्याची व्याख्या पाठ करतात, परीक्षेत उतरवतात आणि उत्तरपत्रिकेबरोबर तो शब्दही तिथेच ठेवून घरी येतात. वास्तविक हा शब्द आपल्या शेताच्या बांधापर्यंत येऊन पोचलेला आहे. म्हणून आज या विषयातल्या काही शब्दांची ओळख आपण एकाच वस्तूच्या आधाराने करून घेऊ. ती वस्तू म्हणजे कापूस.

पहिला शब्द अर्थात जागतिकीकरण. माल, भांडवल, यंत्रविद्या आणि काही अंशी माणसे यांची देशांच्या सीमा ओलांडून ये-जा वाढते आणि दूरदूरचे बाजार एकमेकांशी बांधले जातात, त्याला जागतिकीकरण म्हणावे. शब्द अलीकडचा, पण गोष्ट जुनी आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिथल्या दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. त्यांची नजर मुंबईकडे वळली. भाव चढले, वऱ्हाड-खानदेशात पैसा खेळू लागला. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले आणि मुंबईतल्या कितीतरी पेढ्या बुडाल्या. युद्ध अमेरिकेत, फटका आपल्याकडे! बाजार बांधले जातात म्हणजे काय, ते यावरून ध्यानात यावे.

आता आयात आणि निर्यात. बाहेरून माल आणणे ती आयात, बाहेर पाठवणे ती निर्यात. येणाऱ्या मालावर सरकार जो कर घेते ते आयात शुल्क. २०२१ च्या अर्थसंकल्पात परदेशी कापसावर असे शुल्क बसले, सारे मिळून ११ टक्के. ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारने ते तात्पुरते उठवले आणि ही सूट डिसेंबर २०२५ अखेरपर्यंत वाढवली. यात कोणाचे भले झाले? शुल्क उठले की गिरणीला कापूस स्वस्त पडतो, आपल्या कापडाला परदेशात गिऱ्हाईक टिकते आणि शिवणाऱ्या हातांचे काम राहते. पण त्याच वेळी यवतमाळच्या शेतकऱ्याच्या भावावर दाब येतो. एकच निर्णय एकाला तारतो, दुसऱ्याला जाचतो. व्याख्येत ही गोष्ट सापडत नाही, म्हणून ती मुद्दाम सांगितली.

यापुढचा शब्द उदारीकरण. परवाने, आयातीवरील बंधने, परदेशी भांडवलावरील अटी सैल करणे म्हणजे उदारीकरण. आपल्या देशात याला मोठी चालना जुलै १९९१ पासून मिळाली. सरकारी उद्योगांची मालकी खासगी हाती देणे हे खासगीकरण. हे दोन शब्द मुले नेहमी एकमेकांत मिसळतात. शिक्षकांनी तेवढे जपावे. पुढे १ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना स्थापन झाली आणि देशादेशांतील व्यापाराच्या नियमांवर देखरेख करू लागली.

कोटा म्हणजे मालाच्या आयातीवर घातलेली संख्येची मर्यादा. १९७४ पासून श्रीमंत देश कोणत्या देशातून किती कापड घ्यायचे ते अशा मर्यादेने ठरवीत. १ जानेवारी २००५ रोजी ही पद्धत संपली. बांगलादेशात कापूस फारसा पिकत नाही, तरी तिथल्या शिवणकामाच्या कारखान्यांनी लक्षावधी बायांना रोजगार दिला. पण काम आले म्हणजे सारेच आले असे नव्हे. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळची राणा प्लाझा ही कारखान्यांची इमारत कोसळली आणि अकराशेंहून अधिक माणसे दगावली. तेव्हा रोजगार मोजताना मजुरी, सुरक्षितता आणि कामाचे तासही मोजले पाहिजेत.

आणि काम गेले तर? बेरोजगारी एकाच जातीची नसते. कापसाची वेचणी संपली की मजूर रिकामा बसतो, ती हंगामी बेरोजगारी. दोघांपुरत्या शेतात पाचजण राबतात, तिघे निघून गेले तरी पीक तेवढेच येते. ही छुपी बेरोजगारी. तिसरी संरचनात्मक बेरोजगारी. इथे उद्योगाची घडणच बदलते आणि माणसाच्या हातचे कसब निरुपयोगी ठरते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप सुरू केला. त्यातले पुष्कळसे पुन्हा गिरणीत परतलेच नाहीत. पण याचे खापर जागतिकीकरणावर फोडू नये बरे का! कारण भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे कापडाचे काम आधीपासूनच सरकत होते. जुनी यंत्रे, जमिनीच्या चढत्या किमती, हीही कारणे होती. कारणे वेगळी असतील तर उपायही वेगळे लागतात. हंगामी बेकाराला रोजगार हमीचे काम उपयोगी पडते. ज्याचे कसबच जुने झाले, त्याला नवे शिक्षण द्यावे लागते.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवावेसे वाटते. वर्गात एक सदरा घेऊन या. त्याचा कापूस कुठला, सूत कुठे कातले, शिवला कुठे, विकला कुठे, हे मुलांना शोधू द्या. फळ्यावर प्रत्येक टप्प्यापुढे दोन रकाने आखा: इथे कोणाला काम मिळाले आणि कोणाचे गेले? ज्याची माहिती मिळणार नाही तो रकाना कोरा राहू द्या. असा एक तक्ता भरून झाला की व्याख्या मुले आपल्या शब्दांत सांगतील, आणि घरी बाजारभावाची बातमी लागली की कान देऊन ऐकतील.