घरकामगार भगिनींच्या श्रमाचे मोल



तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पहिली पाळी सुरू होण्याआधीच बोईसरमध्ये आणखी एक पाळी सुरू झालेली असते. चित्रालय, सरावली, पास्थळ येथील घराघरांत धुणीभांडी, केरफरशी आणि स्वयंपाक करणाऱ्या भगिनींची ती पाळी. कामावर निघालेल्या माणसाच्या हाती वेळेवर डबा पडतो, तो अनेक घरांत त्यांच्यामुळेच.

कारखान्यातील कायम कामगाराला साप्ताहिक सुट्टी, भविष्यनिर्वाह निधी आणि बोनस मिळतो. त्यासाठी आधीच्या पिढ्यांनी संघर्ष केला. परंतु त्याच्याच घरी भांडी घासणाऱ्या भगिनीला चार दिवस ताप आला, तर चार खाडे धरले जातात. पाहुणे वाढले, भांडी वाढली, तरी पगाराचा आकडा तोच राहतो. ‘ती आमच्या घरचीच आहे’, असे कौतुकाने म्हटले जाते. घरच्या माणसाच्या आजारपणाचे पैसे कोणी कापतो काय?

१९८० मध्ये पुण्यातील मोलकरणींनी काम बंद ठेवून या प्रश्नाला वाचा फोडली. २००८ मध्ये राज्याने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. १८ ते ६० वर्षे वयाच्या घरकामगारांना त्याखाली नोंदणी करता येते. कोरोनाच्या संकटात, २०२१ मध्ये, शासनाने जाहीर केलेले दीड हजार रुपये नोंदीत घरकामगारांसाठीच होते. ज्यांची नोंद नव्हती, त्यांची कामेही गेली आणि साहाय्यही हुकले.

तथापि हा कायदा कल्याणाचा आहे. वेतनाचा दर तो ठरवीत नाही. कर्नाटकाने २००४ मध्येच घरकामासाठी किमान वेतन जाहीर केले होते. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही घरकामगारांसाठीच्या कायदेशीर चौकटीचा विचार करण्यास समिती नेमावी, असे केंद्राला सांगितले.

शासनाचे काम शासनाने करावे. परंतु नोंदणीसाठी लागणारे काम करीत असल्याचे प्रमाणपत्र घरमालकानेच द्यावयाचे असते. उद्या ती हक्क मागेल, या धास्तीने तेथे हात आखडतो. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला, कार्यालये जवळ आली. पण सही मिळाली नाही, तर जवळचे कार्यालयही दूरच राहते.

म्हणून प्रत्येक कुटुंबाने चार गोष्टी कराव्यात: प्रमाणपत्रावर सही, आठवड्याची एक सुट्टी, आजारपणात पगारी रजा आणि दिवाळीला एका महिन्याचा जादा पगार. जे आपल्या कारखान्याकडे मागायचे, ते आपल्या उंबरठ्याच्या आत नाकारू नये.