कोलशेतच्या घरातल्या आणि बागेतल्या मुंग्या

मुंगी ओळखताना रंगावर विसंबले की फसगत होते. मुंबई इलाख्याच्या वनखात्यातले रॉटन यांनी १८९२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात ‘अवर अँट्स’ ही लेखमाला लिहिली. त्याला सव्वाशेहून अधिक वर्षे उलटली, तरी घरोघरी ओळख ‘काळी’ आणि ‘लाल’ एवढ्यावरच थांबते. खरे तर आधी पाहावी ती कंबर. छाती आणि पोट यांच्यामध्ये एक गाठ आहे की दोन, हे साध्या भिंगातून दिसते. त्यानंतर चाल आणि वास.

कोलशेतच्या इमारतींत सर्वांत चिवट ठरते ती फॅरो मुंगी. जेमतेम दोन मिलिमीटर लांब, पिवळसर, पोटाचे टोक काळपट, कमरेला दोन गाठी. तिच्या एका वसाहतीत अनेक राण्या असतात. फवारा मारला की उरलेल्या मुंग्या अंडी-अळ्या उचलून दुसऱ्या फटीत नवी वसाहत थाटतात आणि उपद्रव वाढतो. हिच्यासाठी फवारा चुकीचाच. सावकाश भिनणारे विषारी आमिष ठेवावे, म्हणजे ते राण्यांपर्यंत पोहोचते. हिच्याहूनही बारीक एक मुंगी ओट्यावर दिसते: डोके गडद, पोट व पाय फिकट. चिरडल्यास खवट खोबऱ्यासारखा वास येतो. लांब पायांची, दिशा बदलत वेड्यासारखी धावणारी काळी मुंगी मात्र डंख करत नाही.

कुंडीच्या मातीत हात घालताच आग होते ती मूळच्या अमेरिकेतल्या अग्निमुंगीमुळे. रंग तांबूस, गाठी दोन, आणि काही कामकरी मुंग्यांची डोकी ठळकपणे मोठी.

मुंगळ्याला गाठ एकच आणि नांगी नाही. तो जबड्याने चावतो. मुंगळ्यांची रांग झाडावर चढत असेल, तर कोवळ्या शेंड्यांवर मावा आहे का ते पाहावे. माव्याचा गोड स्राव त्यांना हवा असतो.

आंब्या-फणसाची पाने अळ्यांच्या रेशमाने शिवून घर करते ती नारिंगी विणकर मुंगी. येऊरच्या जंगलात फांदीवर कागदी गोळ्यासारखे घर दिसते, ते बदामी आकाराचे पोट डोक्यावर उचलणाऱ्या मुंगीचे. तांबूस सुतार पक्षी त्याच घरात स्वतःचे घरटे कोरतो.

पावसाच्या सुरुवातीला दिव्याभोवती जमणारे सगळेच पंखवाले कीटक मुंग्या नसतात. चारही पंख सारख्या लांबीचे, मिशा सरळ आणि कंबर जाड असेल, तर ती वाळवी. अशा वेळी घरातल्या लाकडी चौकटी लगेच तपासाव्यात.